आकृति आणि पार्श्वभूमि

आमच्या माजघराच्या भिंतीवर माझ्या आईचें एक छायाचित्र गेलीं चाळीसहून अधिक वर्षें टांगलेलें आहे. ती गेली तेव्हां मी दहा वर्षांचा होतों. हें चित्र आमच्या गांवच्या एका छायाचित्रकारानें तयार करून दिलें. ‘तयार करून दिलें’ असें मी मुद्दामच म्हणतों, कारण तें त्यानें काढलेलें नव्हे. आईचें एकटीचें छायाचित्र घेण्याचा प्रसंग तिच्या हयातींत कधीं आलाच नव्हता. १९६८ सालीं माझ्या मामांच्या लग्नांत वाड्याच्या दिंडीदरवाज्यापुढें जें समूहचित्र घेतलें, त्यांत मागल्या रांगेंत ती उभी होती. ती गेल्यावर वडिलांनीं तें समूहचित्र छायाचित्रकाराकडे नेलें, आणि आठ दिवसांनीं आई त्या पंचवीस-तीस माणसांतून वेगळी होऊन, फिकट निळ्या आभाळापुढें एकटी उभी राहिलेली अशी घरीं आली.

या चित्रांत कांहीं तरी चुकलें आहे हें मला लहानपणापासून जाणवे. पण काय चुकलें तें सांगतां येत नसे. वय वाढल्यावर दोन गोष्टी ध्यानांत आल्या. एक, आईच्या केसांची कड पुठ्ठा कातरावा तशी गुळगुळीत होती. मानेवर सुटलेली बट नाहीं, कानापाशीं भुरभुरणारा एक केस नाहीं. दुसरी, डाव्या खांद्यावर पदराच्या चुण्या एकाएकीं थांबत आणि तेथें करड्या रंगाचा एक सपाट पट्टा दिसे. त्या छायाचित्रकाराला मी बोल लावीत नाहीं. काळे केस, आणि त्यांच्या मागें तेल पाजलेला काळाभोर सागवानी दरवाजा. केस कोठें संपले आणि दार कोठें सुरू झालें हें भिंग लावूनहि कळण्यासारखें नव्हतें. त्यानें आपल्या कुंचल्यानें एक रेषा ओढली आणि काम निभावून नेलें.

गेल्या दिवाळींत माझी मुलगी घरीं आली असतां तिनें तें मूळचें समूहचित्र ट्रंकेंतून काढलें, स्कॅन केलें, आणि संगणकावर फोटोशॉप उघडून आजीला पुन्हां एकदां त्या गर्दींतून बाहेर काढावयास ती बसली. एक कळ दाबतांच यंत्रानें आजीभोंवतीं तुटक तुटक चालती रेषा ओढली. मी चकित झालों. मुलगी मात्र चित्र मोठें करून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबा, हा हात कोणाचा?” आईच्या डाव्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता. यंत्रानें तो मनगटापर्यंत आईचाच म्हणून धरला होता आणि तेथें तोडला होता.

त्या हाताकडे मी शेवटीं येईन. त्या रात्रीं माझ्या मनांत आलें तें निराळेंच. आमच्या गांवच्या त्या माणसानें कुंचल्यानें जें केलें आणि या यंत्रानें जें केलें, त्या दोहोंच्या मधल्या काळांत काय काय घडलें असेल? इतिहास शिकविणाऱ्याची ही खोड समजा. पुढचे कांहीं महिने मी त्याच वाचनांत घालविले, आणि मागें असलेल्या वस्तूंत मिसळून गेलेली आकृति वेगळी करण्याच्या या लहानशा कामाला चांगला दीडशें वर्षांहून अधिक इतिहास आहे असें मला दिसून आलें.

डोळ्याला हें काम करावें लागतें असें आपणांस वाटतच नाहीं. दारांत कोणी येऊन उभें राहिलें कीं ‘अमका आला’ असें आपण म्हणतों. एका रंगाचा तुकडा दुसऱ्या रंगाच्या तुकड्यापासून निराळा झाला असें कोणी म्हणत नाहीं. डेन्मार्कमधील मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या साध्या गोष्टीकडे लक्ष वेधलें. त्याच्या नांवानें ओळखलें जाणारें एक चित्र वाचकांनीं पाहिलें असेल: मध्यें एक पांढरी सुरई, किंवा पाहणाऱ्याच्या मर्जीप्रमाणें दोन बाजूंस समोरासमोर केलेले दोन काळे चेहरे. कागदावरील रेषा तीच, पण सुरई दिसूं लागली कीं ती रेषा सुरईची होते, आणि चेहरे दिसूं लागले कीं चेहऱ्यांची. सीमारेषा दोन प्रदेशांच्या मध्यें असली तरी ती दोघांच्या मालकीची नसते. जी आकृति ठरेल तिची ती असते. पार्श्वभूमीला कडच नसते. ती आकृतीच्या मागून तशीच पुढें पसरत गेली आहे असें मन धरून चालतें. म्हणजे आकृति कोणती हें आधीं ठरावें लागतें आणि कड मागाहून मिळते. ज्यांना हें काम रसायनांकडून किंवा यंत्रांकडून करून घ्यावयाचें होतें, त्यांच्या गळीं हा विचार उतरावयास पुढें शंभर वर्षें लागलीं असें म्हटलें, तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. कड आधीं सांपडावी आणि तिच्यावरून आकृति मिळावी, हीच त्या सर्वांची धडपड होती.

प्रारंभ मात्र सोप्या कडेपासून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील कांचेच्या ओल्या पट्ट्या निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या होत्या कीं समुद्र नीट उमटला तर आकाश कोरें पांढरें पडे, आणि ढग टिपले तर समुद्र काळा होई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानें १८५६-५७ च्या सुमारास आकाशाची एक व समुद्राची एक अशा दोन पट्ट्यांवरून एकच छापचित्र काढलें. त्याची युक्ति यशस्वी झाली याचें अर्धें श्रेय क्षितिजाला आहे. आकाश आणि समुद्र यांच्या मध्यें परमेश्वरानेंच पट्टी धरून रेषा ओढलेली. तेथें जोड दिसणार कसा? पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८५७ सालीं, इंग्लंडांत राहणाऱ्या ऑस्कर रेलांडर यानें ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाच्या नांवाचें एक भव्य चित्र सुमारें तीस पट्ट्यांवरून जुळवून काढलें, आणि १८५८ सालीं हेन्री पीच रॉबिन्सन यानें मरणोन्मुख मुलीभोंवतीं जमलेल्या आप्तांचें चित्र पांच पट्ट्यांवरून सिद्ध केलें. एक भाग छापतांना बाकीचा कागद झांकून ठेवावयाचा, मग दुसरा भाग छापावयाचा, अशी ही रीत होती. जोड कोठें घ्यावयाचा तें छायाचित्रकार आधींच ठरवी: पडद्याच्या घडीवर, खांबाच्या कांठावर, वस्त्राच्या चुणीवर. केसांतून जोड घेण्याच्या भरीस शहाणा कारागीर सहसा पडत नसे.

चलच्चित्रें आल्यावर ही सोय गेली. हलणाऱ्या माणसाची कड क्षणोक्षणीं बदलते; तिच्यावर हातानें कोण आणि कितीदां रेषा ओढणार? जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगारानें यावर जो तोडगा काढला त्याचा वंश अजून चालू आहे. १८९८ च्या एका लहानशा चित्रपटांत तो आपलें शीर धडावरून उचलून टेबलावर ठेवतो, दुसरें उगवतें, तेंहि ठेवतो. आणि शेवटीं चार शिरें मिळून गाऊं लागतात. रहस्य असें कीं मागें सर्वत्र काळें. काळ्यावरून प्रकाश येत नाहीं म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो, आणि तीच फिल्म मागें घेऊन त्या कोऱ्या भागावर पुन्हां चित्र घेतां येतें. आमचे दादासाहेब फाळके याच पंथाचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ते छायाचित्रण आणि छापखान्याचे ठसे यांच्या धंद्यांत होते. त्या काळच्या ठसे करणाऱ्याच्या कामांत चित्रांतील माणूस ठेवून भोंवतालचा भाग रंगानें बुजविणें हें नेहमींचेंच होतें. जुन्या मासिकांत ग्रंथकारांचीं जीं छातीपर्यंतचीं चित्रें पांढऱ्या कागदावर तरंगतांना दिसतात तीं अशाच हातांनीं कोरलेलीं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून १९१९ च्या ‘कालिया मर्दन’पर्यंत देव प्रकट व्हावयाचे आणि अंतर्धान पावावयाचे ते फाळक्यांच्या या हातसफाईमुळें.

अमेरिकेंत फ्रँक विल्यम्स यानें १९१८ सालीं जिचें पेटंट मिळविलें ती रीति मेलिएसच्या एक पाऊल पुढची. नट साध्या एकरंगी पडद्यापुढें टिपावयाचा, आणि ती फिल्म अत्यंत तीव्र अशा दुसऱ्या फिल्मवर पुनः पुन्हां उतरवावयाची. इतकी कीं मधल्या सर्व छटा नाहींशा होऊन पांढऱ्यावर निव्वळ काळी छायाकृति उरेल. या छायाकृतीला धंद्यांत ‘मॅट’ म्हणतात. ती नटाबरोबर हलते, म्हणून मागच्या देखाव्यांत बरोबर नटाच्या आकाराचें भोंक तिच्या योगें पाडतां येतें. १९३३ च्या ‘अदृश्य मनुष्य’ या चित्रपटांत जॉन फुल्टन यानें नटाला डोक्यापासून बोटांपर्यंत काळ्या मखमलींत गुंडाळून काळ्या मखमलीपुढें उभा केला आणि वरून कपडे चढविले; पडद्यावर रिकामे कपडे चालूं लागले. येथें काळ्यांत काळें मिसळून जाणें हाच गुण ठरला. एरवीं तो मोठाच दोष होता. नटाच्या हनुवटीखालची सांवली, त्याचे केस, त्याचा काळा कोट, हें सारें पडद्याच्या अंधारांत बुडून जाई आणि त्या जागीं मागचा देखावा डोकावूं लागे.

अंधारापेक्षां रंगाचा आश्रय घ्यावा असें मग निघालें. कृष्णधवल चित्रांच्या काळांत डनिंग नांवाच्या अमेरिकनानें पडदा निळा आणि नटावरचा प्रकाश पिवळा ठेवून ही फोड साधली; पण रंगीत चित्रपट आल्यावर पिवळा नट कोणाला चालणार? १९४० च्या ‘बगदादचा चोर’ या रंगीत चित्रपटांत लॉरेन्स बटलर यानें नटाला नैसर्गिक प्रकाशांत ठेवून मागें निळा पडदा टांगला. माणसाच्या कातडीच्या रंगापासून निळा सर्वांत दूर, हें त्यामागील गणित. या चित्रपटांतील चोर म्हणजे म्हैसूर संस्थानांतून गेलेला साबू हा मुलगा. बाटलींतून बाहेर पडलेल्या अजस्र राक्षसापुढें तो उभा आहे तें दृश्य अजून पाहण्यासारखें आहे. त्या वर्षीं बटलरला या करामतींबद्दल अकादमीचें पारितोषिक मिळालें. तथापि आज तीं दृश्यें नीट न्याहाळलीं तर आकृतींच्या भोंवतीं एक बारीक निळी किनार लुकलुकतांना दिसते. केसांतून, धुरांतून, झिरझिरीत वस्त्रांतून मागचा निळा पडदा अर्धवट दिसतो. तो ना धड नट, ना धड पडदा. छायाकृतीला मात्र ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच ठाऊक.

या अर्धवटपणाला पहिल्यानें सरळ तोंड दिलें तें पेत्रो व्लाहोस या अभियंत्यानें. १९१६ सालीं न्यू मेक्सिकोंत जन्मलेला हा गृहस्थ २०१३ सालीं शहाण्णव वर्षांचा होऊन वारला. चित्रपट पाहणाऱ्यांपैकीं हजारांत एकालाहि त्याचें नांव ठाऊक नसावें, आणि मला हा अन्याय वाटतो. १९५९ च्या ‘बेन-हर’साठीं त्यानें जी रीति बसविली तिचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें. माणसाच्या कातडींत, केसांत आणि बहुतेक वस्तूंत निळा अंश हिरव्या अंशाहून फारसा अधिक नसतो. तेव्हां चित्राच्या एखाद्या बिंदूंत निळा हिरव्याहून जितका जास्त, तितका तेथें मागचा पडदा दिसत आहे असें समजावें. अगदीं साधी वजाबाकी! पण हिच्यामुळें ‘हो’ आणि ‘नाहीं’ यांच्या मधलें ‘थोडेंसें’ प्रथमच मोजतां आलें. धूर धुरासारखा राहिला, कांच कांचेसारखी राहिली. जांभळीं आणि गडद निळीं वस्त्रें मात्र नटांना वर्ज्य झालीं. पुढें इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आल्यावर निळ्याच्या जागीं बहुधा हिरवा पडदा आला. कारण त्यांच्या आंतील प्रकाशग्राही पटावर तांबड्या किंवा निळ्यापेक्षां हिरव्याचे बिंदु दुप्पट असतात, आणि हिरवा अंश अधिक स्वच्छ टिपला जातो.

याच व्लाहोसचा हात असलेली दुसरी एक रीति मला त्याहून मोहक वाटते. जुन्या रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवे वाचकांना आठवत असतील; त्यांच्या उजेडांत सर्व जग पिवळें आणि काळें दिसे, कारण त्या दिव्यांचा जवळजवळ सर्व प्रकाश ५८९ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीच्या आसपास असतो. मागचा पडदा त्या दिव्यांनीं उजळावयाचा, नटावर नेहमींचा प्रकाश टाकावयाचा, आणि कॅमेऱ्यांत एक खास लोलक बसवून तेवढा एकच पिवळा किरण निराळ्या फिल्मवर वळवावयाचा. मॅट आपोआप, त्याच क्षणीं, तयार! त्यांत नटीच्या निळ्या वस्त्राची अडचण नाहीं कीं हिरव्याची नाहीं. डिस्नेच्या १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मध्यें नायिकेच्या टोपीवरील झिरझिरीत जाळींतून मागचें रंगविलेलें चित्र दिसतें, आणि जाळीचा एक धागाहि तुटलेला नाहीं. त्याच्या आदल्या वर्षींच्या हिचकॉकच्या ‘पक्षी’ या चित्रपटांतहि, फडफडणाऱ्या पंखांची अस्पष्ट कड निळ्या पडद्यापुढें सांपडेना म्हणून, याच रीतीचा अवलंब करावा लागला. पण तो लोलक बनविणें महाकठीण, कॅमेरा अवजड, आणि खर्च मोठा. एवढी सुंदर रीति मागें पडली आणि तिच्याहून हिणकस परंतु सोयीची रीति जगली, असें इतिहासांत वारंवार घडतें. त्याचें हें एक लहानसें उदाहरण.

ज्यांना पडद्यापुढें उभें करतांच येत नव्हतें त्यांच्यासाठीं हात होतेच. मॅक्स फ्लायशर यानें १९१५ च्या सुमारास रोटोस्कोप नांवाचें यंत्र काढलें. चित्रपटाचें एकेक चित्र कांचेवर टाकून त्याची कड हातानें गिरवावयाची अशी त्याची योजना. सेकंदाला चोवीस चित्रें! यंत्र जुनें झालें, पण काम आणि कामाचें नांव अजून टिकून आहे. हॉलिवुडच्या चित्रपटांतील हें गिरविण्याचें काम या शतकांत मोठ्या प्रमाणावर मुंबई, चेन्नई, हैदराबाद येथील तरुण मुलामुलींच्या हातीं आलें. परदेशच्या नटाच्या केसांच्या बटा रात्रंदिवस गिरविणाऱ्या या मुलांचीं नांवें श्रेयनामावलींत पुष्कळदां येतहि नाहींत, आणि आलीं तरी तोंवर प्रेक्षागृहांतील दिवे लागलेले असतात.

संगणकाच्या जगांत व्लाहोसचें तें ‘थोडेंसें’ एका ग्रीक अक्षरांत येऊन बसलें. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका संस्थेंत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या दोघांनीं चित्राच्या प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा, निळा या तीन आंकड्यांबरोबर चौथा एक आंकडा दिला. हा बिंदु आकृतीनें किती व्यापला आहे, तो अंश. त्याला त्यांनीं ‘अल्फा’ म्हटलें. १९८४ सालीं टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनीं या आंकड्याचें सांगोपांग गणित मांडलें. एक चित्र दुसऱ्यावर चढविणें त्यामुळें बेरीज-गुणाकाराचें काम झालें. उलट दिशेनें जाणें मात्र मुळींच सोपें नाहीं. तयार छायाचित्रांतील केसाच्या टोंकावरचा एक बिंदु घ्या. आपणांस त्याचे तीन आंकडे ठाऊक आहेत. शोधावयाचे आहेत सात: केसाच्या खऱ्या रंगाचे तीन, मागच्या दाराच्या खऱ्या रंगाचे तीन, आणि तो अल्फा. तीन समीकरणें आणि सात अज्ञातें. शाळेंतला मुलगाहि सांगेल कीं याला उत्तरें अनंत आहेत. स्मिथ आणि जिम ब्लिन यांनीं १९९६ सालीं हें रीतसर सिद्ध केलें, आणि एक पळवाटहि दाखविली: तीच वस्तु, जराहि न हलवितां, दोन निरनिराळ्या ज्ञात पडद्यांपुढें टिपली तर उत्तर निश्चित मिळतें. माझ्या आईच्या चित्राला अर्थातच तिचा उपयोग नाहीं.

टॉमस आणि जॉन नोल या बंधूंचें फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आलें. त्यांत हातानें वेढा घालावयाचा ‘लॅसो’ होता आणि एका ठिकाणीं स्पर्श करतांच आसपासचा तत्सम रंग गोळा करणारी जादूची कांडीहि होती. निळ्या आभाळापुढच्या लाल फुग्याला ही कांडी उत्तम. काळ्या दारापुढच्या काळ्या केसांना ती स्पर्श करतांच दार, केस आणि शेजारच्याची टोपी हीं सर्व एकदम उचलून आणते. जाणते कारागीर म्हणून निराळीच युक्ति करीत. तांबडा, हिरवा, निळा यांपैकीं ज्या एका रंगाच्या थरांत केस आणि मागचा भाग यांत अधिक अंतर दिसेल त्याची नक्कल काढावयाची, तिची तीव्रता इतकी वाढवावयाची कीं फक्त काळें आणि पांढरें उरेल, आणि उरलेल्या चुका कुंचल्यानें बुजवावयाच्या. वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं ही विल्यम्सची १९१८ ची रीतिच आहे. रसायनाच्या जागीं विजेचे आंकडे आले एवढेंच. १९९५ सालीं एरिक मॉर्टेन्सन आणि विल्यम बॅरेट यांनीं कात्रीला बुद्धि देऊं केली, म्हणजे हात थोडा इकडेतिकडे झाला तरी रेषा आपण होऊन जवळच्या ठळक कडेला चिकटूं लागली. ठळक कड जवळ असली तर! नसली तर ती दुसऱ्याच कडेला जाऊन चिकटे.

खरा पालट झाला तो कड शोधण्याचा हट्ट सुटल्यावर. २००१ सालीं युरी बॉयकॉव्ह आणि मेरी-पिएर जॉली यांनीं अशी योजना मांडली कीं माणसानें आकृतीवर एक ओरखडा काढावा, पार्श्वभूमीवर एक, आणि बाकीच्या सर्व बिंदूंनीं आपापला पक्ष असा निवडावा कीं एकंदर कलह सर्वांत कमी होईल. २००४ च्या ‘ग्रॅबकट’ या रीतींत ओरखडेहि नकोत, आकृतीभोंवतीं एक चौकोन काढला कीं आरंभापुरतें पुरे. केसांच्या अर्धवट प्रदेशासाठीं याच सुमारास ‘ट्रायमॅप’ रूढ झाला: माणसानें चित्राचे तीन भाग करावे, निश्चित आकृति, निश्चित पार्श्वभूमि, आणि मधला संशयाचा पट्टा, यंत्रानें फक्त त्या पट्ट्यांत अनुमान करावें. मला ही रीति फार प्रामाणिक वाटते. संशय कोठें आहे हें तींत आधींच कबूल केलेलें असतें, आणि इतिहासलेखकांनाहि ही पद्धति मानवण्यासारखी आहे.

अशा रीतींची परीक्षा कशी घ्यावयाची हाहि प्रश्नच होता, कारण खरें उत्तर कोणापाशींच नव्हतें. २००९ सालीं ख्रिस्तोफ रेमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं स्मिथ-ब्लिनच्या पळवाटेचा आधार घेऊन एक परीक्षापत्रिका तयार केली. वस्तु अनेक पडद्यांपुढें तसूभरहि न हलतां टिकावयाची असल्यामुळें जिवंत माणूस बादच झाला. म्हणून परीक्षेला बसविले ते एक पिंजारल्या केसांचा बाहुला, एक बाहुली, खेळण्यांतील गाढव आणि हत्ती, एक झाड, एक अननस, एक जाळें आणि एक प्लॅस्टिकची पिशवी! कित्येक वर्षें या विषयांतील शोधांचा कस या आठ चित्रांवर लागत होता.

येथें एक थोडें आडवळण घेतों. प्राणी आपल्या परिसरांत दिसेनासे कसे होतात यावर ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराचा एक ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. थेयरचा हट्ट इतका टोकाचा कीं रोहित पक्षी गुलाबी असतो तो संध्याकाळच्या आभाळांत मिसळून जाण्यासाठीं, असें त्यानें प्रतिपादिलें; आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं, जे स्वतः शिकारी होते, त्याची यथेच्छ टर उडविली. परंतु त्याच्या प्रतिपादनांतील एक भाग टिकला. प्राणी केवळ रंग जुळवून लपत नाहीं. तो आपली कड मोडतो. पट्टे आणि ठिपके बाह्यरेषेला आडवे छेदून जातात, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला वाघाच्या जागीं गवताचेच तुकडे दिसतात. तरीहि रानांतला वाटाड्या वाघ दाखवितो. तो कडेवरून दाखवीत नाहीं. त्याला वाघ ठाऊक असतो, म्हणून दाखवितो.

यंत्राला वाघ ठाऊक करून देण्याचें काम गेल्या दहा-पंधरा वर्षांतलें. २०१७ सालीं निंग शू आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं ४९३ निरनिराळ्या आकृति घेऊन, त्या प्रत्येकीं शंभर अशा निरनिराळ्या पार्श्वभूमींवर चढवून ४९,३०० चित्रें तयार केलीं, आणि त्यांवर यंत्राला शिकविलें. त्या आकृतींच्या कडा कोणीं काढल्या होत्या? माणसांनीं, हातानें, फोटोशॉपांत. यंत्राचा गुरु अखेर तोच कुंचलेवाला. २०२३ सालीं मेटा या कंपनीनें एक कोटि दहा लाख चित्रें आणि त्यांवरील शंभर कोटींहून अधिक छायाकृति यांवर शिकविलेलें यंत्र सर्वांना खुलें केलें. फोटोशॉपांत एका कळेसरशी विषय निवडण्याची सोय २०१८ पासून आहे, आणि ती याच मार्गानें आली. आतां यंत्र आधीं म्हणतें, ‘ही बाई दिसते’, आणि मग तिची कड शोधतें. रुबिनचा क्रम अखेर त्यालाहि पाळावा लागला.

त्याचा गुण मी माझ्या मुलीच्या संगणकावर पाहिला, आणि दोषहि तेथेंच पाहिला. आईच्या मानेवर तिनें कडा सुधारण्याचें साधन फिरविलें तसतशा तेथें नाजूक बटा उमटूं लागल्या. क्षणभर मला गहिंवरून आलें. मग मी मूळ चित्र भिंगाखालीं धरलें. तेथें नुसता काळोख होता. १९६८ च्या त्या फिल्मवर केस आणि दार यांत कांहीं फरक उमटलाच नव्हता. त्या बटा यंत्रानें पाहिलेल्या हजारों बायकांच्या होत्या. माझ्या आईच्या त्या असतीलहि. पण तसा पुरावा नाहीं. हातानें ओढलेली रेषा निदान मी खोटी आहें असें स्वतःच सांगत होती. ही सांगत नाहीं.

शिवाय आकृति काढली कीं तिच्या जागीं किंवा तिच्यावर जें झांकलेलें होतें तें कोठून आणावयाचें? स्टालिनबरोबर मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या कांठानें चालणारा येझोव्ह १९४० सालीं गोळी घालून मारला गेल्यावर छायाचित्रांतूनहि काढला गेला, आणि त्याच्या जागीं कालव्याचें पाणी रंगविलें गेलें. तें पाणी कॅमेऱ्यानें कधीं पाहिलें नव्हतें. आमच्या घरच्या चित्रांतील तो करडा पट्टा याच जातीचा. हेतु अगदीं निष्पाप होता, पण पदराच्या त्या चुण्या कॅमेऱ्यानें पाहिल्या नव्हत्या. त्यांवर कोणाचा तरी हात होता.

मुलीनें दोन प्रती तयार केल्या. एकींत हात पुसून पदर पूर्ण केलेला. यंत्रानें चुण्या इतक्या सुबक भरल्या होत्या कीं कोणाला शंका येऊं नये. दुसरींत हात तसाच. दोन्ही घेऊन आम्ही सांगलीस मावशीकडे गेलों. तिला आतां शहाऐंशीवें वर्ष चालू आहे, आणि मोतीबिंदु काढल्यापासून तिला माझ्याहून बरें दिसतें. समूहचित्रांत ती कोठें आहे हें मला कधीं ओळखतां आलें नव्हतें. आईच्या मागें, दाराच्या काळोखांत, एक अर्धा चेहरा होता एवढेंच.

मावशीनें पहिली प्रत बाजूला ठेवली. दुसरी डोळ्यांजवळ नेली आणि हातावर बोट ठेवलें.

“हा माझा. ही बांगडी बघ. अक्काला त्या दिवशीं ताप होता. ‘उभी राहवत नाहीं गं,’ म्हणाली. मी मागून धरलें होतें तिला.”

“मग आजी, हात ठेवूं ना?” मुलीनें विचारलें.

“हात ठेव. आणि मी दिसतें का बघ तेवढी.”

मुलगी त्या संध्याकाळीं पुन्हां संगणक घेऊन बसली. दाराच्या काळोखांतून मावशीला काढण्याचा प्रयत्न चालू होता. यंत्र कळ दाबताक्षणीं आईला दाखवी, नवऱ्यामुलाला दाखवी, पुढें मांडी घालून बसलेल्या पोरांना दाखवी. मावशी त्याला दिसत नव्हती. शेवटीं तिनें लॅसो घेतला, आणि मावशी शेजारीं बसून सांगत गेली: येथें माझा कान, येथें खोपा, इकडे थोडी बाहेर जा, आमच्या मापाचा खोपा मोठा असे.